ब्लेड, माउस आणि कळा : दृष्टिहीनांच्या ध्वनिसंपादनाचा इतिहास

आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल, की इथे कुठल्यातरी सॉफ्टवेअरचा वर्ग भरणार आहे. तसं नाही. थोडंफार सॉफ्टवेअर येईल, कारण त्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही. पण मला बोलायचंय ते इतिहासाबद्दल, आणि त्या इतिहासातल्या एका चमत्कारिक वळणाबद्दल.

प्रश्न अगदी साधा आहे. आवाज कापणं, जोडणं, स्वच्छ करणं हे कानाचं काम. मग या कामाला डोळे कधीपासून लागायला लागले? आणि ज्यांना दिसत नाही, अशी माणसं या कामातून बाहेर कशी फेकली गेली आणि परत आत कशी आली? ही हकिगत साधारण सत्तर-ऐंशी वर्षांची आहे. तिच्यातली बरीच महत्त्वाची कामं दृष्टिहीन माणसांनी स्वतः केलेली आहेत. म्हणून ती सांगण्यासारखी आहे.

सुरुवात जरा मागून करू. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ केला. पुढच्याच वर्षी त्यानं एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला आणि या यंत्राचे काय काय उपयोग होतील, याची यादी दिली. त्या यादीत अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होती. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या जन्माबरोबरच दृष्टिहीन माणूस त्या चित्रात आला. पण कोण म्हणून आला, हे लक्षात घ्या. श्रोता म्हणून आला. दुसऱ्या कुणीतरी वाचायचं, तिसऱ्या कुणीतरी मुद्रित करायचं, यानं ऐकायचं.

एडिसनची कल्पना प्रत्यक्षात यायला निम्मं शतक लागलं. अमेरिकेत १९३४ साली ‘टॉकिंग बुक्स’ तबकड्यांवर वाटली जायला लागली, आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली. ब्रिटनमधल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडचं ‘टायफून’ होतं. एका कादंबरीला साधारण दहा तबकड्या लागायच्या. इथे एक गंमत सांगतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, जास्त वेळ चालणारी तबकडी कोलंबिया कंपनीनं संगीताच्या बाजारात आणली १९४८ साली. अमेरिकेतल्या दृष्टिहीन वाचकांकडे त्या वेगाची तबकडी त्याआधी चौदा वर्षं होती. बाजाराच्या पुढे असलेले लोक होते हे! पण तबकडी एकदा कोरली की कोरली. तिच्यात कापाकापी करता येत नाही. त्यामुळे संपादनाचा प्रश्नच नव्हता.

संपादन आलं ते चुंबकीय फितीबरोबर. जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मुलिन नावाचा अमेरिकन सैनिक-इंजिनिअर अशी दोन यंत्रं अमेरिकेत घेऊन गेला. १९४७ साली बिंग क्रॉस्बी या गायकाचा रेडिओ कार्यक्रम फितीवर मुद्रित होऊन, कापून-जोडून प्रसारित व्हायला लागला. तिथून पुढे जगभरच्या रेडिओ केंद्रांत हेच चाललं. आपल्या आकाशवाणीवरही चाललं. तुमच्यापैकी जे वयानं जरा मोठे आहेत, त्यांना ते मोठे स्पूल आठवत असतील.

आता हे काम कसं व्हायचं ते नीट बघू, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. फीत यंत्रावर लावायची. दोन्ही हातांनी दोन्ही स्पूल धरायचे आणि फीत सावकाश पुढेमागे हलवायची. आवाज ताणला जातो, गुरगुरतो, आणि शब्द नेमका कुठे सुरू होतो ते कळतं. तिथे पेन्सिलीनं खूण करायची. मग धातूच्या ठोकळ्यातल्या खाचेत फीत बसवायची, तिरक्या चिरेतून ब्लेड फिरवायचं, नको तो तुकडा काढायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची.

या सगळ्यात डोळ्यांचं काम किती? खूण करण्यापुरतं. आणि तेही बोटानं भागतं. ध्वनिशीर्षापाशी फीत बोटानं धरून ठेवली की झालं. शिवाय फितीवर काळ म्हणजे लांबी. सेकंदाला १५ इंच वेगानं मुद्रण केलं असेल, तर पाव सेकंदाचा श्वास म्हणजे पावणेचार इंच फीत. तो श्वास तुम्हाला अक्षरशः चिमटीत धरता येतो! ठोकळ्याची खाच हाताला लागते, तिरकी चीर हाताला लागते. जोड बरोबर झाला की नाही, ते कान सांगतो. डोळस संपादक आणि दृष्टिहीन संपादक यांच्यात इथे फार अंतर नव्हतं, कारण फितीवरचा आवाज कुणालाच दिसत नव्हता. तपकिरी पट्टी ती. तिच्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं, तरी ‘राम’ कुठे संपला आणि ‘कृष्ण’ कुठे सुरू झाला, हे कुणालाही कळणार नाही.

मग संगणक आला.

खरं तर सुरुवातीचा संगणक दृष्टिहीनांना बरा होता. डॉसचा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. सगळी अक्षरंच. ती उचलून बोलणाऱ्या यंत्राकडे पाठवायची, इतकंच काम. आयबीएममध्ये जिम थॅचर या गणितज्ञानं आपले दृष्टिहीन सहकारी जेसी राइट यांच्याबरोबर १९८०च्या दशकात असा कार्यक्रम लिहिला. त्याचं नावच ‘स्क्रीन रीडर’ होतं आणि पुढे ते सगळ्या जातीचंच नाव झालं. टेड हेंटर हा मोटरसायकलच्या शर्यतींत भाग घेणारा माणूस. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली, मग तो प्रोग्रॅमिंग शिकला, आणि त्याच्या कंपनीनं १९८९ साली डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. त्याच वर्षी मॅकिंटॉशसाठी ‘आउटस्पोकन’ आला. मॅकवर तर चित्रांचाच पडदा होता. त्यामुळे ते काम अवघड होतं.

चित्रांचा पडदा, खिडक्या आणि माउस हे जसजसं सगळीकडे पसरलं, तसं ध्वनिसंपादन त्याच्या आत शिरलं. साउंड फोर्ज, कूल एडिट, गोल्डवेव्ह, प्रो टूल्स ही सगळी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात किंवा त्याच्या आसपास वर आलेली नावं. या सगळ्यांनी एक नवी गोष्ट केली. आवाज दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखी आकृती उमटते. मोठा आवाज म्हणजे उंच शिखर, शांतता म्हणजे सपाट रेघ. माउसनं तुकडा निवडा, एक कळ दाबा, तुकडा गेला. ब्लेड नको, चिकटपट्टी नको, आणि चुकलात तर मागे घेता येतं.

डोळस संपादकांसाठी ही क्रांती होती, यात वाद नाही. पण त्या क्रांतीचा दुसरा अर्थ बघा. कानाचं काम डोळ्याकडे गेलं. तासाभराच्या मुद्रणात वक्ता कुठे थांबला, कुठे खोकला, कुठे टाळ्या पडल्या, हे डोळस माणसाला एका नजरेत कळायला लागलं. आणि ज्याचा कान वीस वर्षं तयार झालेला होता, पण ज्याला दिसत नव्हतं, त्याच्यापुढे एकदम भिंत उभी राहिली. त्याचं कौशल्य कमी झालं नव्हतं. कामाची जागा बदलली होती.

भिंत कशाची होती, तेही थोडं समजून घेऊ. स्क्रीन रीडरला पडद्यावरचं दिसत नाही. त्याला सॉफ्टवेअरनं सांगावं लागतं, की हे बटण आहे, याचं नाव ‘थांबा’ आहे, ते सध्या दाबलेलं आहे. विंडोजमध्ये यासाठी अधिकृत व्यवस्था मायक्रोसॉफ्टनं १९९७ साली आणली. साध्या कार्यक्रमांची बटणं विंडोजच्या तयार साच्यातली असायची, त्यांचं नाव सहज कळायचं. पण ध्वनिसंपादनाचे कार्यक्रम करणाऱ्यांना पडदा खऱ्या स्टुडिओसारखा दिसायला हवा होता. म्हणून त्यांनी गोल फिरणारे खुंट, सरकणाऱ्या पट्ट्या, लुकलुकणारे दिवे स्वतः रंगवले. ते दिसायला देखणे आणि स्क्रीन रीडरला मुके. आवाजाची आकृती तर शुद्ध चित्रच. तिथे वाचायला एकही अक्षर नाही.

मग माणसांनी काय केलं? हातावर हात ठेवून बसली नाहीत. पहिला मार्ग होता तो कीबोर्डला नीट उत्तर देणारं सॉफ्टवेअर शोधून काढण्याचा. गोल्डवेव्ह हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून ख्रिस क्रेग यांनी १९९३ साली आणलेलं साधं, स्वस्त सॉफ्टवेअर. त्यात आवाज चालू असताना एक चौकटी कंस दाबला की निवडीची सुरुवात, दुसरा दाबला की शेवट. माउसची गरज नाही. दृष्टिहीन लोकांत ते चांगलंच रुजलं. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड’ या जुन्या संस्थेनं तर बोलक्या पुस्तकांच्या मुद्रणासाठी ‘स्टुडिओ रेकॉर्डर’ नावाचं स्वतःचंच सॉफ्टवेअर काढलं.

दुसरा मार्ग ‘स्क्रिप्ट’चा. जॉजची विंडोज आवृत्ती १९९५ साली आली आणि तिच्यात एक सोय होती. वापरणाऱ्याला स्वतः सूचना लिहून एखाद्या अडेल सॉफ्टवेअरला बोलतं करता यायचं. ‘डान्सिंग डॉट्स’ ही कंपनी बिल मॅकॅन या दृष्टिहीन संगीतकारानं १९९२ साली काढली. केकवॉक आणि सोनार या संगीत-सॉफ्टवेअरांसाठी तिनं अशा सूचनांचा मोठा संच तयार केला. त्यामुळे अनेक दृष्टिहीन संगीतकारांना घरी बसून अनेक पदरी मुद्रण करता यायला लागलं.

पण या मार्गात दोन अडचणी होत्या. पहिली पैशाची. जॉजची किंमत हजार डॉलरच्या घरात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यानं ते कुठून घ्यायचं? त्याची फुकट चाचणी-आवृत्ती ४० मिनिटं चालायची, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. कल्पना करा, तुम्ही तासाभराचं भाषण संपादित करताय आणि दर चाळीस मिनिटांनी तुमच्या डोळ्यांपुढचा पडदा विझतोय. दुसरी अडचण अवलंबित्वाची. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, बटणं इकडची तिकडे झाली, की आधीच्या स्क्रिप्ट निकामी. दुरुस्ती होईपर्यंत काम बंद.

हे अवलंबित्व किती महागात पडतं, याचं मोठं उदाहरण प्रो टूल्सचं. जगभरच्या स्टुडिओंत हे सॉफ्टवेअर चालतं. जुन्या मॅकवर आउटस्पोकनच्या मदतीनं काही दृष्टिहीन ध्वनिमुद्रक ते व्यवसायासाठी वापरत होते. २००१ साली अ‍ॅपलनं संपूर्ण नवी प्रणाली आणली. आउटस्पोकन तिच्यावर आलंच नाही. अ‍ॅपलनं स्वतःचा व्हॉइसओव्हर आणला तो २००५ साली, आणि प्रो टूल्स त्याच्याशीही बोलत नव्हतं. म्हणजे जी माणसं कामावर होती, ज्यांची रोजीरोटी त्यावर होती, त्यांच्या हातातलं अवजार गेलं. चूक काही त्यांनी केली नव्हती. न्यूयॉर्कमधले दृष्टिहीन निर्माते आणि ध्वनिमुद्रक स्लाउ हॅलाटिन आणि त्यांच्यासारखे इतर लोक कंपनीच्या मागे लागले. अर्ज झाले, पत्रं झाली, प्रत्यक्ष बसून कुठलं बटण बोलत नाही ते दाखवणं झालं. २०१०च्या सुमारास परिस्थिती सुधारायला लागली. दशक गेलं मध्ये. एका माणसाच्या व्यवसायात दहा वर्षं म्हणजे किती असतात, हे मी सांगायला नको.

आता गोष्ट वळते. २०००च्या मे महिन्यात ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं झालं. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं होतं. फुकट, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, आणि त्याचा मित्र जेम्स टेह, तोही दृष्टिहीन, त्याला येऊन मिळाला. हे दोघं लहानपणी भेटले होते ते दृष्टिहीन मुलांच्या संगीत-शिबिरात. संगीताच्या नादातून झालेली मैत्री ही! त्यांचं म्हणणं साधं होतं. डोळस माणसाला पडदा बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्हाला का पडावेत? एनव्हीडीए आजही फुकट आहे, ५०हून अधिक भाषांत आहे, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही बोलते. उच्चार थोडा यांत्रिक आहे खरा, पण बोलते.

फुकट स्क्रीन रीडर आणि फुकट संपादक एकत्र आले, तेव्हा प्रथमच असं झालं, की साधा संगणक आणि हेडफोन एवढ्यावर एखादा दृष्टिहीन मुलगा ध्वनिसंपादन शिकू शकतो. काम कसं चालतं पाहा. स्पेसबार दाबून आवाज सुरू करायचा. नको असलेला शब्द आला की चौकटी कंस, संपला की दुसरा कंस. मग शिफ्टबरोबर एफ पाच ते एफ आठ या चार कळा. त्यांनी निवडीच्या दोन्ही कडांच्या अलीकडचा आणि पलीकडचा छोटासा तुकडा ऐकता येतो. कड जरा सरकवायची, पुन्हा ऐकायचं. शेवटी सी ही कळ दाबली, की हा तुकडा कापला तर जोड कसा ऐकू येईल, ते न कापताच ऐकवलं जातं. पटलं तर डिलीट.

हे ऐकताना तुम्हाला काही आठवलं का? स्पूल पुढेमागे हलवणं. ध्वनिशीर्षापाशी बोट ठेवणं. तेच काम आहे हे, फक्त बोट आता कळेवर आहे. पडद्यावरच्या आकृतीनं मधली काही वर्षं झाकून टाकलेली जुनी रीत परत वर आली.

एक अडचण मात्र फितीच्या काळात नव्हती. स्क्रीन रीडर बोलतो, आणि ज्याचं संपादन करायचं तो आवाजही बोलतो. दोघं एकाच कानात. मुद्रण चालू असताना तर आणखी धोका. गायकाच्या आलापात मध्येच ‘ट्रॅक दोन, रेकॉर्ड चालू’ असं यंत्र बोललं आणि तेही मुद्रित झालं, तर काय? (हशा.) यावर उपाय निघाले. स्क्रीन रीडरला वेगळं साउंड कार्ड देऊन त्याचा आवाज मुद्रणाच्या वाटेतून बाजूला काढायचा. नाहीतर मोक्याच्या क्षणी एक कळ दाबून त्याला गप्प करायचं. ज्यांना परवडतं, ते ब्रेल डिस्प्ले वापरतात. वेळ, ट्रॅकचं नाव सगळं बोटांखाली, आणि कान पूर्ण मोकळे. तासाभराच्या मुद्रणात नजर फिरवण्याची जी सोय डोळस माणसाला आहे, तिला पर्याय म्हणून ऐकता ऐकता खुणा टाकत जायची पद्धत आहे. एकदा सलग ऐकायचं, जिथे खटकेल तिथे कळ दाबून खूण करायची, आणि मग खुणेवरून खुणेवर उड्या मारत दुरुस्ती करायची. याला वेळ जास्त लागतो का? काही कामांत लागतो, ते नाकारायचं कारण नाही. पण सगळं मुद्रण एकदा अथपासून इतिपर्यंत ऐकलेला संपादक मिळतो, हेही त्याच वेळात बसतं.

या इतिहासातला अलीकडचा मोठा टप्पा रीपरचा. विनअँप बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकलचं हे सॉफ्टवेअर. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली आली. रीपर मुळात दृष्टिहीनांसाठी केलेलं नव्हतं. पण त्यात बाहेरच्या माणसाला स्वतःचे जोडभाग लिहायला दार उघडं ठेवलेलं होतं. त्या दारातून एनव्हीडीएवाला जेम्स टेहच आत शिरला, आणि त्यानं इतरांच्या साथीनं ‘ओसारा’ नावाचा फुकट जोडभाग तयार केला. नाव बघा कसं, आपल्या घराच्या ओसरीसारखं लागतं कानाला! हा भाग पडद्यावरची चित्रं वाचायच्या भानगडीत पडत नाही. तो थेट रीपरला विचारतो, की आत्ता कुठला ट्रॅक आहे, किती सेकंदांवर आहोत, हा बंद आहे की चालू, आणि उत्तर स्क्रीन रीडरला देतो. आवाजाची पातळी ठरलेल्या मर्यादेवर गेली, तर तेही सांगतो. जो दिवा डोळस माणसाला लाल दिसतो, तो इथे बोलतो.

म्हणजे फरक कुठे पडला ते पाहा. प्रो टूल्सच्या वेळी दार बंद होतं आणि दहा वर्षं ठोठवावं लागलं. इथे दार उघडं होतं, आणि ज्यांना गरज होती त्यांनी आपली वाट स्वतः बांधली.

आता थोडं आपल्याकडे येऊ. मुंबईत १९५२ साली ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’, म्हणजे ‘नॅब’ स्थापन झाली. तिच्या वरळीच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयानं कित्येक वाचकांची भूक भागवली. त्यामागे स्वयंसेवी वाचकांचे फार मोठे कष्ट आहेत, आणि त्यांचं ऋण मान्यच केलं पाहिजे. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करणं सोपं झालं. २०१४ साली मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालं. ही सगळी चांगली पावलं आहेत. पण नीट पाहिलं तर या सगळ्यांत दृष्टिहीन माणूस पुन्हा कुठे आहे? एडिसनच्या यादीत होता तिथेच. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत.

दुसरीकडे मराठीत आवाजाचं काम वाढत गेलं. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं, तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होती. पॉडकास्ट आले, व्याख्यानांच्या ध्वनिफिती आल्या. या सगळ्याला संपादक लागतात. चुकलेली वाक्यं काढणारे, श्वास सावरणारे, दोन मुद्रणांतला फरक कानानं पकडणारे. हे काम कळांवर पूर्ण होतं, हे आत्ता आपण पाहिलं. मग अडतं कुठे? बऱ्याचदा शिकवण्यात अडतं. शिक्षक पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हे इथं जे उंच दिसतंय ना, ते पकडा.’ त्या वाक्यात वर्गातल्या एका विद्यार्थ्यासाठी काहीच नसतं. तेच वाक्य ‘आता “म्हणजे” दोनदा ऐकू येईल, दुसऱ्याच्या आधी कंस दाबा’ असं केलं, तर सगळ्यांना समजतं. डोळस मुलांना तर जास्तच, कारण तीही आवाजाकडे बघायचं सोडून आवाज ऐकायला लागतात.

अजून सगळं सुरळीत झालंय असं मात्र समजू नका. आवाजावर परिणाम करणारे शेकडो जोडभाग बाजारात आहेत आणि त्यातल्या कित्येकांचे खुंट अजूनही नुसती चित्रं आहेत. नवी आवृत्ती घेताना डोळस माणूस विचारतो, ‘नवीन काय आलं?’ दृष्टिहीन संपादक आधी विचारतो, ‘जुनं काही गेलं तर नाही ना?’

म्हणून शेवटी दोन विनंत्या करतो आणि थांबतो. तुमच्यात कुणी सॉफ्टवेअर लिहिणारं असेल, तर आपल्या प्रत्येक बटणाला नाव द्या आणि प्रत्येक कामाला एक कळ द्या. पहिल्या दिवशी दिलीत तर ते फार मोठं काम नाही. दहा वर्षांनी करायला गेलात तर आहे. आणि तुमच्यात कुणी स्टुडिओ चालवणारं असेल, तर पुढचा संपादक निवडताना उमेदवाराला एक कच्चं मुद्रण द्या, मुदत द्या, आणि परत आलेलं काम डोळे मिटून ऐका. ते कुणी केलंय, कसं केलंय, हे नंतर विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करूया.